गाऊ की शिकवू?

(पाश्चात्त्य गायनाबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं)

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे, कर्वेनगरला राहते. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकले, मध्यमा पूर्ण झाली. कॉलेजच्या कॉयरमध्ये गेले तेव्हा तिथले सर म्हणाले, तू सोप्रानो आहेस, म्हणजे बायकांतला सर्वांत उंच आवाज. तेव्हापासून पाश्चात्त्य गायन शिकते. मागच्या वर्षी ट्रिनिटी या लंडनच्या संगीत-परीक्षा संस्थेची आठवी ग्रेड डिस्टिंक्शनमध्ये मिळाली. माझ्या बाई म्हणतात, आवाज लाइट लिरिक, म्हणजे हलक्या जातीचा आहे. आता एका शाळेत संगीत शिक्षिकेची नोकरी चालून आली आहे. वेळ सकाळी आठ ते अडीच, वर्गात चाळीस मुलं. बाबा म्हणतात घे, बाई म्हणतात आवाज जाईल. मला पुढे परदेशी शिकायला जायचंय. माझ्या वयाच्या मुली मोठमोठ्या आरिया, म्हणजे ऑपेरा या पाश्चात्त्य संगीत नाटकातली एकट्याने म्हणायची गाणी, म्हणून रील टाकतात, ते बघून पोटात गोळा येतो. शिकवायला लागले तर गायिका म्हणून मी संपले का? आणि मी ढोल-ताशा पथकात आहे. ते सोडावं लागेल का?

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. नोकरीपेक्षा तुला वयाची धास्ती जास्त आहे, म्हणून आधी वयाचं बोलू.

सोप्रानोचा गळा विशीत घडत असतो आणि पंचविशी-तिशीच्या दरम्यान कुठे बसायला लागतो. हलका आवाज जरा लवकर, भारी आवाज आणखी उशिरा. व्हेर्डी-पुच्चिनी या इटालियन संगीतकारांच्या ऑपेरातल्या जड भूमिका पेलणाऱ्या बायका बहुतेक तिशी उलटल्यावरच त्या वाटेला जातात. रीलमध्ये मिनिटभराचा तुकडा असतो आणि माइक तोंडाशी असतो. ऑपेरात तोच आवाज भरल्या ऑर्केस्ट्राच्या वरून, माइकशिवाय, दोन-तीन तास टिकवावा लागतो. २३व्या वर्षी रोज जड आरिया घासल्या की आवाज हलायला लागतो, वरचे स्वर आधी बारीक होतात आणि मग येईनासे होतात. माझ्या बरोबरीच्या मुलींमध्ये मी हे जवळून पाहिलंय, आणि त्या माझ्यापेक्षा गुणी होत्या. तू सध्या जुनी इटालियन गाणी, हेंडेल, मोत्सार्टच्या हलक्या भूमिका, शूबर्ट आणि फोरे या संगीतकारांची गाणी एवढ्यात राहा. एवढ्यातच चार-पाच वर्षांचं काम आहे.

आता तुझी मध्यमा. ती वाया गेली असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. हिशोब करून बघ. तू बहुधा काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, गात असशील. काळी चारचा तार षड्ज म्हणजे पियानोवर मधल्या सीच्या वरचा जी शार्प, आणि तार पंचम म्हणजे त्याच्या वरचा डी शार्प. ख्यालात बहुतेक बायका साधारण तिथपर्यंत जाऊन परततात. तुझ्यासारख्या आवाजाचा वरचा पासाज्जो, म्हणजे जिथे आवाज लावायची पद्धतच बदलावी लागते तो पट्टा, ई आणि एफ शार्पच्या आसपास असतो, त्या डी शार्पच्या अगदी वर. म्हणजे जिथे तुझं इतक्या वर्षांचं गाणं थांबत होतं, तिथूनच सोप्रानोचं मुख्य काम सुरू होतं. हाय सी, म्हणजे मधल्या सीपासून दोन सप्तकं वरचा सी, हा काळी चारच्या अतितार सप्तकातला शुद्ध गंधार आहे. खालच्या मुलखात स्वरज्ञान, दमसास आणि कान हे तुझं सगळं तयार आहे. वरच्या मुलखात तू नवखी आहेस.

तिथे छातीचा खुला आवाज रेटत नेला की गळा आवळतो. म्हणून पलटे खालून वर न घेता वरून खाली घे. वरच्या एफवर हलका 'ऊ' लाव आणि पाच स्वर उतरत बी फ्लॅटवर ये. चढताना जड आवाज मागोमाग ओढला जातो, उतरताना तो आपसूक मागे राहतो. मग अर्ध्या-अर्ध्या स्वराने सुरुवात वर सरकव. समोर आरसा ठेव. हनुवटी पुढे आली की त्या दिवसापुरतं तिथेच थांबायचं. हे वर्षभर चाललं तरी चालेल. या वर्षात ख्यालाचा मोठा रियाज मात्र कमी कर, निदान दोन्ही एकाच दिवशी नकोत. पुढे आवाज बसला की दोन्ही सांभाळता येतात की नाही हे तुझं तुला कळेल. मला ते जमलं नाही, माझ्या एका विद्यार्थिनीला छान जमतं.

एक गोष्ट तुझ्याकडे आयती आहे. इटालियनमधले टी आणि डी आपल्या त आणि द सारखे, जीभ दातांना लावून म्हणायचे असतात. इंग्रजीच्या वाटेने इटालियन शिकलेली मुलं तिथे सर्रास ट आणि ड म्हणतात, आणि परीक्षकाच्या कानाला ते लगेच टोचतं. 'पक्का', 'गट्टी' म्हणताना आपण जोड व्यंजनावर जसे क्षणभर थांबतो, तसंच इटालियनलाही लागतं. गाणं आधी मराठी मुलीसारखं वाचून बघ, अर्धं काम होईल.

आता नोकरी. घे, पण अटी घालून घे.

तुझ्या बाईंची काळजी खरी आहे. चाळीस मुलांसमोर सहा तास बोलणं हे दीड तास गाण्यापेक्षा गळ्याला जास्त महाग पडतं. घसा बसण्याच्या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्यांत शिक्षक फार असतात. मी सुरुवातीला एका शाळेत शिकवत होते. गॅदरिंग तोंडावर आलं की सगळ्या वर्गांची गाणी मीच बसवायची, हॉलला माइक नाही, आणि मागे बाकं सरकवण्याचा आवाज. आठवडा संपेपर्यंत बोलण्याचा आवाजसुद्धा खरखरायचा आणि शनिवारी कुणाच्या तरी लग्नात गायचं असायचं. तेव्हा तू आधीच बोलून घे. आठवड्याचे तीन दिवस मिळाले तर सर्वांत चांगलं. पाचही दिवस असतील तर कॉलरला लावायचा छोटा माइक आणि स्पीकर माग. शाळा देत नसेल तर पहिल्या पगारातून स्वतः घे. वर्ग शांत करायला ओरडायचं नाही. टाळीचा एक ठेका ठरव, तो वाजवला की मुलांनी परत वाजवायचा, तेवढ्यात वर्ग शांत होतो. ओळ म्हणून दाखवायची ती एकदाच, हळू आवाजात. मग वर्गातल्या एखाद्या सुरेल मुलाला म्हणायला लाव. मुलं मुलांचं ऐकून जास्त चांगलं शिकतात, हे माझं ठाम मत आहे.

सकाळी सहाला उठून हाय सी लावायला जाऊ नकोस. पेल्यात दोन बोटं पाणी घे, त्यात स्ट्रॉ बुडव आणि बुडबुडे काढत खालून वर, वरून खाली स्वर सरकव. पाच मिनिटं पुरतात. गळा न ताणता मोकळा होतो, आणि शाळा सुटल्यावर हेच पुन्हा केलं की दिवसभराचा शिणवटा उतरतो. खरा रियाज दुपारची झोप काढून पाचच्या पुढे, वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत कर.

आणि शिकवायला लागलं की गायिका संपते, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? मी रास्ता पेठेत घरीच क्लास सुरू केला तेव्हा नऊ वर्षांची एक मुलगी यायची. श्वास घेताना तिचे खांदे कानापर्यंत जायचे. मी तिला म्हटलं, पोटात श्वास घे. ती म्हणाली, "टीचर, हवा तर फुप्फुसात जाते ना? पोटात कशी जाईल?" शाळेत नुकतीच श्वसनसंस्था झाली होती. मग मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं. फुप्फुसांखाली पडदा असतो, श्वास घेताना तो खाली सरकतो, त्याखालचं जठर-आतडी पुढे ढकलली जातात, म्हणून पोट पुढे येतं. तिचे दोन्ही हात बरगड्यांच्या बाजूंना ठेवले आणि 'स्स्स' करत हवा सोडायला सांगितली. अट एकच, बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत. तिला ते पहिल्याच खेपेला जमलं. माझ्या बाईंनी हेच माझ्याकडून कितीतरी वेळा करून घेतलं होतं, पण ते का करायचं हे त्या पोरीला समजावताना मला लख्ख दिसलं. त्याच सुमारास हेंडेलच्या लांब ओळी माझ्या एका श्वासात जायला लागल्या. शिकवण्याने मला असं फार दिलंय. दिवसभर दुसऱ्यांचे गळे ऐकून आपल्या गळ्यात काय बिघडतंय हे लवकर ऐकू येतं.

मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांचं उदाहरण घे. लंडनच्या गिल्डहॉलमध्ये त्या शिकल्या, तिकडेच मोठ्या झाल्या. संगीतकार जॉन टॅव्हनरने त्यांच्या आवाजासाठी कितीतरी रचना केल्या. आणि त्या पुन्हा पुन्हा भारतात येऊन इथल्या मुलामुलींना शिकवत आल्या आहेत. त्यामुळे त्यांचं गाणं कमी झालं असं कुणी म्हणणार नाही.

मात्र शिकवताना गाणं मागे पडू द्यायचं नाही, त्यासाठी माणसांसमोर गात राहायला हवं. पुण्यात सोप्रानोसाठी ऑपेरा हाउस नाही, पण कॅम्पात जागा आहेत. मी गुरुवार पेठेत पंचहौदजवळ वाढले. घरी मराठी उपासनेची गाणी, आई पेटीवर. पहिले पैसे मिळाले ते कॅम्पातल्या लग्नांत 'आवे मारिया' गाऊन, कधी शूबर्टची, कधी बाख-गूनोची. सेंट मेरीज चर्च १८२५ सालचं आहे. अशा जुन्या चर्चमध्ये उभं राहून गायलं की आवाज छतापर्यंत जाऊन परत येतो आणि ढकलायची गरज नसते हे अंगाला समजतं. ते घरच्या खोलीत कधीच समजत नाही. लग्नाचं गाणं हलकं समजू नकोस. नवरी उशिरा येते, ऑर्गनवाला पट्टी बदलतो, आणि तरी पहिला स्वर नेमका लागावा लागतो. पूना म्युझिक सोसायटीच्या मैफली ऐकायला जा, मझदा हॉलमध्ये पुढच्या रांगेत बस आणि गाणाऱ्यांचे श्वास बघ. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम असतात, तेव्हा वर्षातून एकदा तरी जा. आणि कीबोर्डवर स्वतःची साथ करण्यापुरता हात बसव. पुण्यात गायकाला नीट साथ करणारे पियानोवादक फार थोडे आहेत, त्यांच्यावर अडून राहिलीस तर महिने जातात.

परदेशाची घाई करू नकोस, तयारी मात्र आजच सुरू कर. आठव्या ग्रेडनंतर ट्रिनिटीचाच एटीसीएल हा डिप्लोमा कर. त्यात अर्ध्या तासाहून जास्त सलग कार्यक्रम गावा लागतो, आणि तो झेपला की प्रवेशाच्या चाचणीला उभं राहायचं बळ येतं. ब्रिटनमधल्या कॉन्झर्व्हेटरींचे, म्हणजे संगीत महाविद्यालयांचे, अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. ही तारीख हुकून वर्ष गेलेली मुलं मला दर वर्षी भेटतात. तिकडची फी जड आहे, घरात स्पष्ट बोलून घे. जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठांची फी बऱ्याच राज्यांत नाममात्र आहे. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं. तिथे अडसर असतो तो प्रवेश परीक्षेचा आणि भाषेचा. भाषेचं आपण पुण्यात भाग्यवान आहोत. बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. आत्ताच नाव घाल. शाळेच्या पगाराचा पहिला खर्च जर्मनचा असू दे. शूबर्ट गायलाही ती लागणारच आहे.

ढोल वाजवल्याने गळ्याला काही होत नाही. ओरडण्याने होतं, आणि ताशाने कानाला होतं. सरावालासुद्धा चांगले इअरप्लग घाल, कापसाचे बोळे पुरत नाहीत. ताशाच्या रांगेपासून जमेल तितकी लांब उभी राहा. सराव संपल्यावर कानात शीळ वाजत राहिली तर तो इशारा आहे, पुढचा सराव चुकव. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. गजर बाकीच्यांना करू दे. विसर्जनानंतर चार दिवस वरचे स्वर लावू नकोस. एवढं पाळणार असशील तर पथक सोडायची गरज नाही.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, सदाशिव पेठेत राहतो. सवाई गंधर्व महोत्सव कितीतरी वर्षं ऐकत आलो आहे. नातीने ऑपेराचा व्हिडिओ दाखवला. बाईंचा आवाज थक्क करणारा होता, पण ज्याला इटालियन येतं त्या तिच्या मित्रालाही वरच्या स्वरांतला एक शब्द कळेना. शब्द न कळणाऱ्या गाण्याला आपण एवढं का मानायचं?

उत्तर : काका, तुमचा कान बरोबर सांगतोय. वरच्या स्वरांत शब्द खरोखरच हरवतात, आणि त्यात गायिकेचा आळस नसतो.

आपण 'ई' किंवा 'आ' ओळखतो ते तोंडाच्या पोकळीत कुठली कंपनं घुमतात त्यावरून. 'ई'साठी पहिला घुमारा साधारण सेकंदाला ३०० कंपनांच्या आसपास असतो, 'आ'चा त्याच्या दुपटीहून वर. सोप्रानो जेव्हा वरचा ए लावते, तेव्हा तिच्या गळ्यातून निघणारं सर्वांत खालचं कंपनच ८८० असतं. ३००पाशी घुमायला तिथे काही उरतच नाही, म्हणून 'ई' ओळखू येत नाही. उलट तिने तोंड बारीक करून 'ई'च धरून ठेवली तर आवाज कोंडतो. म्हणून ती जबडा खाली सोडते, पोकळीचा घुमारा स्वराच्या उंचीला आणून ठेवते, आणि मग माइक नसताना ऑर्केस्ट्राच्या वरून शेवटच्या रांगेत आवाज पोचतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी हे मोजून दाखवलं आहे. चांगले संगीतकार हे जाणून असतात. कथेचे महत्त्वाचे शब्द ते मधल्या पट्टीत ठेवतात, आणि वर नेतात ते बहुधा आधी ऐकवलेले शब्द.

माइक येण्याआधी आपल्या संगीत नाटकांतले नटही उंच पट्टीत, पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असं गायचेच. तुमच्या वडिलांच्या पिढीने ते ऐकलेलं असणार. त्या कानाने एकदा ऐकून बघा. आणि तुम्ही तराना ऐकताना 'दिर दिर तनन'चा अर्थ शोधत नाही, तशीच वरची जागा ऐका. नातीला सांगा, आजोबांना आधी मोत्सार्ट ऐकव, आणि व्हिडिओपेक्षा समोर बसून.

प्रश्न : माझी मुलगी १२ वर्षांची आहे. मोबाइलवर ऐकून मोत्सार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधल्या राणीची आरिया म्हणते, अगदी वरचे स्वरसुद्धा. सगळे म्हणतात ही जन्मजात सोप्रानो. तिला त्याच आरियासाठी शिकवणी लावू का? वानवडी, पुणे.

उत्तर : शिकवणी लावा, त्या आरियासाठी नको. १२व्या वर्षी बहुतेक मुलामुलींचा आवाज उंच आणि हलका असतो, त्यावरून पुढचा गळा ठरत नाही. पाळी सुरू होण्याच्या सुमारास मुलींचाही आवाज बदलतो. मुलांइतका ठळक नाही, पण काही महिने आवाजात हवा येते, मधले स्वर फाटतात, वरचे कधी लागतात कधी नाहीत. त्या काळात तिला वाटायला नको की आपलं काहीतरी गेलं. तिला हे आधीच सांगून ठेवा. आज जिला सगळे सोप्रानो म्हणतात ती उद्या मेझो, म्हणजे सोप्रानोहून जरा खालच्या आवाजाचीही निघेल, आणि तो तितकाच सुंदर आवाज आहे.

त्या आरियातला सर्वांत वरचा स्वर हाय सीच्याही वरचा एफ आहे. मोत्सार्टने ती आपल्या मेव्हणीच्या, योझेफा होफरच्या, आवाजासाठी लिहिली. ३० सप्टेंबर १७९१ला व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला तेव्हा ती तिशी ओलांडलेली, कसलेली गायिका होती. तुमच्या मुलीला तो स्वर खेळता खेळता लागत असेल तर लागू द्या, दटावू नका, पण पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' असा आग्रह धरू नका. तिला मुलांच्या कॉयरमध्ये घाला आणि तिथे मुद्दाम दुसऱ्या आवाजात, खालच्या ओळीत, उभी करायला सांगा. शेजारची वरची ओळ कानावर पडत असताना आपली खालची ओळ धरून ठेवायची, हे तिला या वयात आलं तर पुढे कुठलाही गळा निघाला तरी उपयोगी पडेल. जोडीला पियानो किंवा कीबोर्ड आणि लिपीवाचन. आरियाचं आपण ती १८ची झाल्यावर बोलू, तेव्हा मला जरूर लिहा.